हाताने कापलेली वेष्टने : वॉशिंग्टनच्या उपनगरी पंक संगीताच्या दप्तराचे प्रकरण

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन (डीसी) शहरात, एक सात इंची तबकडी निघाली. तिच्यावर आठ गाणी होती आणि पहिल्या खेपेस हजार प्रती काढल्या होत्या. ज्या ‘टीन आयडल्स’ बँडची ती तबकडी होती, तो बँड ती बाजारात येण्यापूर्वीच मोडला होता. इयान मॅकाय, जेफ नेल्सन, नेथन स्ट्रेजेक आणि जॉर्डी ग्रिंडल ही त्यातली मुले अठराच्या आसपासची होती. वर्षभराच्या कार्यक्रमांतून साठलेला सामाईक पैसा वाटून घेण्याऐवजी त्यांनी तो आपल्या गाण्यांची तबकडी काढण्यात घातला आणि त्या उद्योगाला ‘डिस्कॉर्ड’ असे नाव दिले. बँड संपला तरी तो होऊन गेल्याची काहीतरी वस्तुरूप खूण मागे राहावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.

प्रस्तुत अभ्यासाचा विषय त्या बँडचे संगीत नसून ही खूण आहे. वॉशिंग्टन आणि त्याच्या भोवतालच्या मेरीलँड व व्हर्जिनिया राज्यांतील उपनगरांत १९७९ ते १९८५ या काळात किशोरवयीन मुलांनी जे हार्डकोर पंक संगीत (रॉक संगीताच्या पंक या साध्या, आक्रमक प्रकाराचे अधिक वेगवान रूप) उभे केले, ते ऐकणाऱ्यांची संख्या प्रारंभी काही शेकड्यांच्या पुढे नव्हती. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचे त्यात काही गुंतलेले नव्हते आणि वृत्तपत्रांनी त्याची दखल क्वचितच घेतली. तरीही आज या छोट्या वर्तुळाची पत्रके, ध्वनिफिती, छायाचित्रे आणि अनियतकालिके शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि मेरीलँड विद्यापीठाच्या विशेष संग्रहात वर्गवारी लावून ठेवलेली आहेत. पोराटोरांच्या खोलीतला हा पसारा अभिलेखागारापर्यंत कसा पोहोचला आणि पोहोचताना त्यातून काय गळाले, हे तपासण्याजोगे आहे. माझे म्हणणे असे की, या वर्तुळाची स्मृती टिकली ती प्रामुख्याने वस्तू करणाऱ्यांनी त्या स्वतः जपल्यामुळे. आणि त्याच कारणाने ज्यांच्याकडे करण्याजोगी किंवा जपण्याजोगी वस्तू नव्हती, त्यांची स्मृती पहिली तीस वर्षे अर्धवट राहिली.

पार्श्वभूमी

भूगोल आधी नीट लक्षात घ्यावा लागतो. टीन आयडल्सची मुले शहराच्या वायव्य भागातील विल्सन हायस्कूलमध्ये शिकली, म्हणजे कागदोपत्री ती शहरातलीच. परंतु या संगीताच्या वस्तू जिथे तयार झाल्या त्या जागा बहुतांशी उपनगरांत होत्या. पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनियातील आर्लिंग्टन लागते. तिथे डॉन झिएंतारा यांनी आपल्या राहत्या घराच्या तळघरात ‘इनर इअर’ हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला होता. उत्तरेला मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे स्किप ग्रॉफ यांचे ‘यस्टरडे अँड टुडे’ हे तबकड्यांचे दुकान १९७७ पासून सुरू होते. लंडनहून आलेल्या नव्या तबकड्या मुलांना तिथे मिळत आणि ग्रॉफ यांनीच त्यांना झिएंतारा यांच्याकडे नेले. १९८१ च्या शरद ऋतूत मॅकाय आणि मित्रांनी आर्लिंग्टनमध्येच एक जुने घर भाड्याने घेतले. तालीम, तबकड्यांचा साठा आणि पत्रव्यवहार या साऱ्याचा तो पत्ता झाला. ‘व्हॉइड’ हा बँड मेरीलँडमधील कोलंबियाचा. हे गाव १९६७ मध्ये आराखडा आखून वसवलेले आहे. ‘स्क्रीम’ व्हर्जिनियातील बेलीज क्रॉसरोड्सचा होता. पुढे ‘निर्वाणा’ या बँडमुळे जगभर माहीत झालेला डेव्ह ग्रोल सतराव्या वर्षी या स्क्रीममध्येच ढोल वाजवायला लागला. तोही व्हर्जिनियातील स्प्रिंगफील्ड या उपनगरात वाढलेला होता.

या सर्वांच्या आधीचा आणि सर्वांवर ज्याचा ठसा पडला तो बँड म्हणजे ‘बॅड ब्रेन्स’. शहराच्या पूर्वेकडील प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या उपनगरांतून आलेले हे चार कृष्णवर्णीय वादक प्रारंभी जॅझ फ्यूजन वाजवीत आणि त्यामुळे वाद्यांवरील त्यांची हुकमत इतर पंक बँडांच्या कितीतरी पुढे होती. अतिवेगवान, एक-दोन मिनिटांत संपणारे गाणे हा जो हार्डकोरचा विशेष मानला जातो, तो या मुलांनी त्यांच्याकडूनच उचलला. मॅकाय आणि त्याच्या मित्रांनी हे ऋण वेळोवेळी उघडपणे मान्य केले आहे.

आणखी एक घटना इथे नोंदवायला हवी. जॉर्जटाउन विद्यापीठाचे ‘डब्ल्यूजीटीबी’ हे नभोवाणी केंद्र नवे, चौकटीबाहेरचे संगीत लावत असे. जानेवारी १९७९ मध्ये विद्यापीठाने ते बंद केले. त्या केंद्राच्या समर्थनार्थ ३ फेब्रुवारी १९७९ रोजी विद्यापीठाच्याच एका सभागृहात ‘द क्रॅम्प्स’ या बँडचा कार्यक्रम झाला आणि शाळकरी मॅकायने पाहिलेला तो पहिला पंक कार्यक्रम ठरला. ऐकण्याचे एक साधन हातून गेले आणि वर्षभराच्या आत त्याच श्रोत्यांपैकी काही जण स्वतः वाजवू लागले. मुलांना वस्तू जपण्याची जी ओढ लागली, तिचे मूळ मला अंशतः या घटनेत दिसते. जे आपल्यासाठी वाजत होते ते एका निर्णयासरशी बंद होऊ शकते, हे त्यांनी पाहिले होते.

वेष्टन

या प्रकरणातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे पहिल्या तबकडीचे वेष्टन. तयार, चिकटवलेली वेष्टने छापखान्याकडून करून घ्यायची तर खर्च परवडणारा नव्हता. म्हणून इंग्लंडहून आलेल्या एका सात इंची तबकडीचे वेष्टन या मुलांनी सांध्यांवर उकलले, सपाट कागदावर त्याचा आकार गिरवून घेतला आणि तो साचा धरून स्थानिक छापखान्यातून नुसते ताव छापून आणले. त्यापुढचे सगळे काम हाताचे होते. कात्रीने कापायचे, घडी घालायची, दोन पाखांना गोंद लावायचा, दाबून ठेवायचे. डिस्कॉर्डच्या सुरुवातीच्या तबकड्यांची अशी हजारो वेष्टने मित्रमंडळींनी एकत्र बसून तयार केली.

या कृतीचे परिणाम वस्तूवर अजून वाचता येतात. अशा वेष्टनाच्या कडा तंतोतंत सरळ नसतात. पाखाची रुंदी प्रतीगणिक किंचित बदलते, कुठे गोंद घडीबाहेर आलेला असतो आणि काळाच्या ओघात तिथे कागद पिवळसर पडतो. यंत्रावर कापलेल्या पुढच्या आवृत्त्यांपासून मूळ प्रत ओळखायला संग्राहक याच खुणा पाहतात. अभिलेखागाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या खुणांत कामाची पद्धत नोंदली गेली आहे. एखाद्या मुलाखतीत ‘आम्ही सगळे मिळून घड्या घालत असू’ असे वाक्य येते तेव्हा ते केवळ आठवण असते. वाकडी घडी आणि गोंदाचा डाग पाहिल्यावर त्या आठवणीला साक्ष मिळते. म्हणून अशा वस्तूची ‘दुरुस्ती’ करणे, म्हणजे सुटलेला सांधा नव्या गोंदाने नीटनेटका करणे किंवा डाग घालवणे, हे नुकसान समजावे. सुटलेले पाख तसेच सुटे ठेवून आम्लरहित कागदाच्या खोळीत वेष्टन आणि तबकडी वेगवेगळी ठेवणे हा त्यावरचा साधा आणि योग्य उपाय आहे.

वेष्टनावरील छायाचित्रात दोन हात एकमेकांवर आडवे धरलेले आहेत आणि दोन्ही हातांच्या पाठीवर काळ्या शाईने फुली काढलेली आहे. हे हात मॅकायच्या धाकट्या भावाचे, अॅलेकचे. फुलीची कथा अशी : १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स ग्रेहाउंड बसने कॅलिफोर्नियाला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मबुहाय गार्डन्स’ या जागी दारू देण्याच्या वयाखालच्या मुलांना आत सोडताना त्यांच्या हातावर फुली काढली जाई, म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला ती ओळखू येत. ही युक्ती घेऊन मुले परतली आणि त्यांनी वॉशिंग्टनच्या एफ स्ट्रीटवरील ‘नाइन थर्टी क्लब’च्या चालकांना ती सुचवली. एकशे नव्याण्णव माणसांची मर्यादा असलेला हा क्लब मे १९८० मध्येच उघडला होता. टीन आयडल्सचा अखेरचा कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९८० रोजी तिथेच झाला.

आम्हाला दारू नको, संगीत ऐकू द्या, एवढीच त्या फुलीमागची मागणी होती. पुढच्याच वर्षी मॅकायच्या नव्या बँडने, ‘मायनर थ्रेट’ने, जेमतेम शेहेचाळीस सेकंदांच्या एका गाण्यात व्यसनमुक्त राहण्याचा आपला निश्चय मांडला. त्या गाण्याच्या ‘स्ट्रेट एज’ या शीर्षकावरून देशोदेशी एक पंथ उभा राहिला आणि फुली ही त्या पंथाची निशाणी झाली. मॅकायने स्वतः पंथ काढल्याचे कधीच मान्य केले नाही. वेष्टनावरची फुली १९८० ची आहे आणि पंथाचा अर्थ तिला नंतर चिकटला आहे. संग्रहातील नोंदीत हा क्रम स्पष्ट लिहिला नाही, तर चित्र पाहणारा नंतरचा अर्थ आधीच्या हातांवर लादतो. प्रवेशाची सोय म्हणून काढलेल्या खुणेला जाहीरनामा म्हणून दाखवणारी प्रदर्शने आणि पोस्टरे काही कमी नाहीत.

पत्रके आणि त्यांची तारीख

कार्यक्रमाची पत्रके म्हणजे झेरॉक्स केलेले एकपानी कागद. जुन्या मासिकांतली चित्रे कापून, टाइप केलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या अक्षरांसह एका कागदावर चिकटवून मूळ प्रत केली जाई. तिच्या स्वस्तातल्या प्रती काढून त्या विजेच्या खांबांवर लागत, तबकड्यांच्या दुकानात गठ्ठ्याने ठेवल्या जात आणि शाळेत हातोहात जात.

अशा पत्रकावर वार आणि तारीख असते, साल मात्र सहसा नसते, कारण पुढच्या आठवड्यातल्या कार्यक्रमासाठी साल लिहायचे कोणाला सुचेल? अभिलेखपालाला ते शोधावे लागते. उदाहरणार्थ, ‘गुरुवार, ६ नोव्हेंबर’ एवढेच लिहिलेला कागद हाती आला, तर कालगणनेप्रमाणे ती जुळणी १९७५, १९८० आणि १९८६ या वर्षी येते. पत्रकावर नाइन थर्टी क्लबचे नाव असेल तर १९७५ आपोआप बाद होते. टीन आयडल्सचे नाव असेल तर १९८६ ही जाते. हे तर्कशास्त्र सोपे आहे, पण ते लावण्यासाठी क्लब कधी उघडला आणि बँड कधी मोडला हे पक्के ठाऊक असावे लागते, म्हणजेच एक वस्तू वाचायला दुसऱ्या दहा वस्तू लागतात. सुटे पत्रक भिंतीवर शोभते. साल मिळते ते संग्रहात. एकेक पत्रक वेगळे करून विकणाऱ्या बाजाराबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

झेरॉक्सचा काळा रंग म्हणजे उष्णतेने कागदावर बसवलेली प्लास्टिकची भुकटी. ती भुकटी पीव्हीसीच्या पारदर्शक खोळीला चिकटते आणि कागद बाहेर काढताना अक्षरे खोळीवर राहतात. हौसेने ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दुकानातल्या साध्या प्लास्टिक फायलीत घातलेली पत्रके अशी खराब झालेली दिसतात, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात तशीच पडून राहिलेली पत्रके कितीदा तरी बऱ्या अवस्थेत मिळतात. चिकटवून केलेल्या मूळ प्रतींचा प्रश्न वेगळा आहे. रबर सोल्यूशनने लावलेले तुकडे गळून पडतात आणि त्यांच्या जागी तपकिरी डाग राहतो. गळलेला तुकडा कुठला हे नुसत्या डागावरून ठरत नाही, त्यासाठी त्याच पत्रकाची झेरॉक्स प्रत शेजारी लागते. म्हणजे इथे नक्कल हीच अस्सल प्रतीच्या जुळणीचा पुरावा होते.

याच झेरॉक्स यंत्रावर ‘कॅपिटल क्रायसिस’, ‘ट्रूली नीडी’ अशी अनियतकालिके निघाली. मराठी वाचकाला इथे १९५४ मध्ये सुरू झालेले ‘शब्द’ आणि त्यामागून आलेली चक्रमुद्रित लघुअनियतकालिके आठवतील. अंकांची पाने कमी, प्रती थोड्या, पुढचा अंक कधी येईल याची शाश्वती नाही, आणि लिहिणारे व वाचणारे एकमेकांना ओळखणारे. वॉशिंग्टनच्या या अंकांचे महत्त्व मुलाखतींपेक्षाही त्यांतल्या किरकोळ मजकुरात आहे. कोणता बँड कोणाच्या तळघरात तालीम करतो, कोणत्या कार्यक्रमात मारामारी झाली, कोणती मुलगी आता कोणाबरोबर गिटार वाजवते, हे सारे त्या आठवड्यातच लिहिलेले असल्यामुळे चाळीस वर्षांनंतरच्या आठवणींची पडताळणी त्यावर करता येते.

फिती

ध्वनिफितींचा प्रवास या प्रकरणात सर्वांत लांबचा ठरला. बॅड ब्रेन्सने १९७९ मध्ये झिएंतारा यांच्या तळघरात केलेले ध्वनिमुद्रण सतरा वर्षे पडून राहिले आणि १९९६ मध्ये ‘ब्लॅक डॉट्स’ या नावाने बाहेर आले. मायनर थ्रेटचे पहिले चाचणी-ध्वनिमुद्रण २००३ मध्ये निघाले. या संगीताचा जन्म नेमका कसा झाला याची कल्पना जाणकारांनी दोन दशके नंतरच्या तबकड्यांवरून बांधली होती. ती तपासून पाहण्याची संधी या फितींमुळे मिळाली.

मॅकायचा पुढचा बँड ‘फुगाझी’ याने १९८७ ते २००२ या काळात सुमारे हजार कार्यक्रम केले आणि त्यांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण, आधी कॅसेटवर आणि नंतर अंकीय माध्यमांवर, त्यांच्या ध्वनियोजकांनी करून ठेवले. २०११ पासून ते क्रमाक्रमाने सर्वांसाठी उपलब्ध करण्यात आले आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीबरोबर प्रेक्षकांकडून पत्रके, छायाचित्रे व आठवणी मागवण्यात आल्या. हा बँड किशोरांचा नव्हता, तरी पद्धत किशोरवयात लागलेल्या सवयीचीच होती. करताना टिपायचे, टिपलेले टाकायचे नाही, आणि वेळ आली की इतरांनाही त्यात भर घालू द्यायची. २०१३ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने वैयक्तिक संग्रहांच्या जतनाविषयी बोलायला मॅकायलाच बोलावले. राष्ट्रीय ग्रंथालयाने पंक गायकाकडून दप्तर सांभाळण्याची रीत ऐकावी, हे मला अत्यंत योग्य वाटते. त्या गायकाने आपल्या अठराव्या वर्षापासून कागद टाकला नव्हता.

गळालेली माणसे

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. जानेवारी १९८२ मध्ये डिस्कॉर्डने ‘फ्लेक्स युवर हेड’ हा अकरा बँडांच्या बत्तीस गाण्यांचा संग्रह काढला. या वर्तुळाचे समूहचित्र म्हणून पुढे तो सर्वत्र गेला. कोण ‘त्यातले’ होते, हे बाहेरचा श्रोता या यादीवरून ठरवू लागला. त्या यादीत ‘रेड सी’ हा बँड होता आणि त्यात टोनी यंग ही कृष्णवर्णीय तरुणी बेस वाजवीत होती. शहरात १९८१ मध्ये स्थापन झालेला, केवळ मुलींचा पहिला पंक बँड ‘चॉक सर्कल’ मात्र त्यात नव्हता.

शॅरन चेस्लो आणि मेरी ग्रीन यांनी सुरू केलेल्या या बँडने १९८३ पर्यंत मोजकेच कार्यक्रम केले. त्यांची स्वतंत्र तबकडी त्या काळात निघाली नाही. तबकडी नाही म्हणून यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून नंतरच्या इतिहासलेखनात तळटीपही नाही, असा हा साधा कार्यकारणभाव आहे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. मित्रांनी मित्रांच्या तबकड्या काढल्या आणि मित्रमंडळ बहुतांशी मुलग्यांचे होते. पण परिणाम तोच झाला. कार्यक्रमांच्या छायाचित्रांत रंगमंचाच्या कडेला मुली दिसतात. त्यांतली कित्येक छायाचित्रे मुलींनीच काढलेली आहेत, कित्येक अनियतकालिके मुलींनी चालवली, आणि तरीही या संगीताचे सर्वसाधारण चित्र उघड्या अंगाने उड्या मारणाऱ्या मुलग्यांचेच राहिले.

ही त्रुटी भरून निघाली तीही वस्तूंनीच, आणि त्या जपल्या होत्या याच मुलींनी. १९८८ मध्ये सिंथिया कॉनोली, लेस्ली क्लेग आणि शॅरन चेस्लो या तिघींनी वर्तुळातल्या लोकांकडून छायाचित्रे आणि आठवणी गोळा करून ‘बॅन्ड इन डीसी’ हे पुस्तक स्वतःच प्रकाशित केले. १९७९ ते १९८५ या काळाचा तो आजही पहिला आधारग्रंथ आहे. चॉक सर्कलची जुनी ध्वनिमुद्रणे अखेर २०११ मध्ये, म्हणजे बँड मोडल्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, तबकडीच्या रूपात आली. चेस्लो यांनी जमवलेली पत्रके आता मेरीलँड विद्यापीठात आहेत. ज्या बँडला समूहचित्रात जागा मिळाली नाही त्यातली वादक त्या समूहाची प्रमुख दप्तरदार ठरली, ही या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तुस्थिती आहे.

टोनी यंगच्या बाबतीत असे घडले नाही. रेड सीच्या मोजक्या गाण्यांपलीकडे आणि काही छायाचित्रांपलीकडे तिची आठवण धरून ठेवणारे दप्तर उभे राहिले नाही. संग्रहात ज्यांचे एखाद-दुसरे पान आहे अशा माणसांची नोंद ज्यांची शंभर पाने आहेत त्यांच्याइतकीच काळजीने करणे, किंबहुना तिथे अधिक वेळ देणे, हे अभिलेखपालाचे काम आहे.

संस्थांचा प्रवेश

सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये ‘डीसी पंक आर्काइव्ह’ सुरू केले आणि त्याची कक्षा १९७६ पासून आजपर्यंतची ठेवली. हा ‘आजपर्यंत’ महत्त्वाचा आहे. सुवर्णकाळ ठरवून त्याला कुंपण घातले असते, तर संग्रह मूळ मित्रमंडळाचे स्मारक होऊन बसला असता. ग्रंथालयाने मध्यवर्ती इमारतीच्या तळघरात नव्या बँडांचे कार्यक्रमही केले. जी संस्था आमची पत्रके मागते तिने आम्हाला वाजवायला जागाही द्यावी, ही अपेक्षा तिथल्या तरुणांनी बाळगली तर त्यात वावगे काही नाही, आणि देणगीदारांचा विश्वास त्यातूनच बसतो.

मेरीलँड विद्यापीठाचे काम दुसऱ्या दिशेने झाले. तिथले अभिलेखपाल जॉन डेव्हिस स्वतः डिस्कॉर्डच्याच ‘क्यू अँड नॉट यू’ या बँडचे ढोलवादक होते. त्यांनी अनियतकालिकांचा संग्रह उभारला. आतल्या माणसाने संग्रह करण्याचा लाभ उघड आहे, कारण दार वाजवले की लोक ओळखतात आणि माळ्यावरचे खोके खाली उतरते. त्यातला धोकाही तितकाच उघड आहे, कारण ओळखीच्या दारांवरच आधी थाप पडते. दोन संस्था वेगवेगळ्या वाटांनी संग्रह करीत असल्यामुळे हा धोका काही प्रमाणात कमी झाला, असे माझे मत आहे. एकच मोठे पंक संग्रहालय उभारण्याची कल्पना मला म्हणूनच पटत नाही.

इमारतींच्या बाबतीत कोणाचेच फारसे चालले नाही. नाइन थर्टी क्लब १९९६ मध्ये दुसरीकडे, मोठ्या जागेत गेला. रॉकव्हिलचे दुकान २००२ मध्ये बंद झाले. इनर इअर १९९० मध्ये तळघरातून आर्लिंग्टनमधल्याच एका स्वतंत्र जागेत गेले होते. ती इमारत स्थानिक प्रशासनाने घेतल्यावर २०२१ मध्ये तिथला स्टुडिओही बंद झाला.

उरलेले प्रश्न

या संग्रहातील बहुतेक साहित्य अल्पवयीन मुलांनी निर्माण केलेले आहे, आणि ती मुले आज साठीच्या घरातली माणसे आहेत. सोळाव्या वर्षी मित्राला लिहिलेल्या पत्रात घरातले भांडण असते, तिसऱ्याच कोणाच्या व्यसनाचा उल्लेख असतो, राहत्या घराचा पत्ता असतो. पत्र ज्याला आले त्याने ते देणगी दिले, पण लिहिणाऱ्याची संमती कोणी घेतलेली नसते. छायाचित्रातल्या गर्दीतल्या मुलांनी आपले तोंड संग्रहात जाईल असे कधी मनात आणलेले नसते. कायद्याने जे चालते ते सगळे करावे असे नाही. पत्रव्यवहार काही वर्षे वाचनकक्षापुरता ठेवावा, त्याच्या अंकीय प्रती सर्वत्र खुल्या करू नयेत, आणि पत्रके व छापील अनियतकालिके मात्र मोकळेपणाने द्यावीत, कारण ती मुळात लोकांना वाटण्यासाठीच काढली होती. ही विभागणी मला न्याय्य वाटते.

कामाचा क्रम ठरवताना मी कागदाला दुसरे स्थान देईन. झेरॉक्स कोरड्या, अंधाऱ्या खोक्यात आणखी अनेक दशके राहील. चुंबकीय फितीला तेवढी सवलत नाही. त्या काळातल्या काही रिळांवरील चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होते. तशी फीत तपासल्याशिवाय यंत्रावर लावली तर ध्वनी धरून ठेवणारा थरच खरवडून निघतो. ती आधी नियंत्रित, मंद उष्णतेत सुकवावी लागते आणि त्यानंतर मिळणाऱ्या थोड्या अवधीत तिची नक्कल उतरवून घ्यावी लागते. घरगुती कॅसेटच्या बाबतीत फितीपेक्षाही ती वाजवणारी चांगली यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात लवकर दुर्मीळ होत आहेत.

फितींच्या जोडीला छायाचित्रांच्या पाठीमागची नावे घ्यावीत. एकेका चित्रात दहा-पंधरा चेहरे आहेत आणि त्यांपैकी रंगमंचावरचे तीन-चारच सर्वांना ठाऊक आहेत. उरलेले कोण, कोणत्या उपनगरातून आले होते, त्यांतल्या कोणी नंतर कोणते अंक काढले, कोणाच्या घरी अजून खोके आहे, हे सांगू शकणारी माणसे आज त्याच परिसरात आहेत. चित्रांच्या मोठ्या प्रती समोर ठेवून, दोघा-तिघांना एकत्र बसवून, प्रत्येक नावाबरोबर ते कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी हेही लिहून घेतले, म्हणजे पुढे दोन साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी नोंद वापरता येते.